स्वस्तातलं रिमोटचं हेलिकॉप्टर: उडवायचं कसं आणि वर्षानुवर्षं टिकवायचं कसं

आमच्या गोव्यात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत म्हणा नाहीतर ऑनलाइन म्हणा, हजार-दोन हजारात रिमोटचं हेलिकॉप्टर मिळतं, चवथीला नाहीतर वाढदिवसाला पोरांसाठी म्हणून घरात येतं आणि थोड्याच दिवसांत कपाटावर जाऊन पडतं, का तर म्हणे गोल गोल फिरतंय, वर जात नाही, चार्ज होत नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण असं कपाटावर गेलेलं हेलिकॉप्टर बरेचदा बिघडलेलं नसतंच, तासाभरात चालू होण्यासारखं असतं. ही हलकी हेलिकॉप्टरं नुसती पडून फारशी मोडत नाहीत. पडल्यावर पंखा कुठेतरी अडकलेला असतो आणि आपलं बोट अजून थ्रॉटलवर, म्हणजे पंख्यांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या रिमोटच्या दांडीवर असतं, तेव्हा ती मोडतात. आणि दुसरं म्हणजे बॅटरी रिकामी करून तशीच महिनोन्महिने ठेवल्यामुळे मरतात. या दोन गोष्टी हाताला लागल्या की बाकी सगळं सरावाचं काम आहे.

आधी विकत काय घ्यायचं ते. हाताच्या सेन्सरवर उडणारं जे दोन-चारशेला मिळतं, ज्याच्या खाली हात धरला की वर जातं, त्यात तुम्ही काहीच चालवत नाही, त्यामुळे शिकायला ते उपयोगाचं नाही. दोन चॅनलवालं (चॅनल म्हणजे रिमोटवरून चालवायची एकेक हालचाल) फक्त वर-खाली जातं आणि वळतं, पुढे आपोआप सरकत राहतं, तेही सोडा. नवशिक्यासाठी तीन चॅनलचं, एकावर एक दोन पंखे असलेलं आणि जायरो, म्हणजे अंग आपोआप फिरायला लागलं की ओळखून सावरणारा भाग, असलेलं घ्या. खोक्यावर कुठे तीन लिहितात कुठे साडेतीन, त्या अर्ध्यात अडकू नका, जायरो आहे का तेवढं विचारा. सायमा कंपनीचं एस१०७जी हे या प्रकारातलं जगभर खपलेलं मॉडेल, आणि त्याच्यासारखी बरीच आहेत. पण मॉडेल कुठलंही असो, घ्यायच्या आधी त्याचे पंखे, मधला शाफ्ट (पंखे ज्यावर बसतात तो दांडा), शेपटीचा छोटा पंखा आणि बॅटरी सुटी मिळते का हे बघाच, सुटे भाग मिळत नसलेलं हेलिकॉप्टर कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका. हेलिकॉप्टरबरोबरच पंख्यांचा एक जादा सेट मागवून ठेवा, नंतर कुरियरची वाट बघत बसावं लागत नाही. आणि लहान मुलांसाठी घेत असाल तर आयएसआय मार्क बघा, २०२१ च्या जानेवारीपासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

रिमोट दोन तऱ्हेचे असतात. टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालणारा स्वस्त असतो, पण तो उन्हात चालत नाही, कारण उन्हातसुद्धा इन्फ्रारेड भरपूर असतं आणि हेलिकॉप्टरच्या डोळ्याला रिमोटचा सिग्नल त्यात दिसतच नाही. खिडकीतून कवडसा पडलेला असेल आणि हेलिकॉप्टर त्यात शिरलं तर धपकन पडतं, लोकांना वाटतं बिघडलं. असं असेल तर पडदा ओढा नाहीतर संध्याकाळी उडवा. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओवाला, त्याला उन्हाचं काही नाही. थोडे पैसे जास्त जातात पण परवडत असेल तर तोच घ्या.

आता हे उडतं कसं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी दुरुस्ती यावरच आहे. पंखा एका बाजूला फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं. मोठ्या हेलिकॉप्टरला म्हणून शेपटीवर उभा पंखा असतो, तो अंगाला धरून ठेवतो. आपल्या या छोट्यात वरचा पंखा एका दिशेने आणि खालचा उलट्या दिशेने फिरतो, दोघांचा जोर एकमेकांना मारतो आणि अंग सरळ राहतं. वळायचं असलं की एक मोटर जरा जोरात आणि दुसरी जरा हळू, बस. शेपटीवरचा आडवा छोटा पंखा फक्त शेपूट वर-खाली करतो, शेपूट वर गेली की नाक खाली आणि मग ते पुढे जातं. म्हणजे हे हेलिकॉप्टर आडवं डावी-उजवीकडे सरकू शकत नाही, आधी वळवायचं मग पुढे न्यायचं. ही काही खेळण्यातलीच युक्ती नाही बरं का, रशियाची कामोव्ह हेलिकॉप्टरं अशीच एकावर एक दोन पंख्यांची असतात आणि आपलं नौदल ती वापरतं. वास्कोला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथे कामोव्ह का-२५ ठेवलंय, पोरांना घेऊन जा आणि शेपटीला उभा पंखा नाही हे त्यांनाच शोधायला लावा. एकदा ते डोळ्यांनी बघितलं की घरातलं हेलिकॉप्टर त्यांना जास्त चांगलं कळतं.

उडवायला जागा लागते आणि ती वाटते त्यापेक्षा मोठी लागते. छोट्या खोलीत पंख्याचा वारा भिंतीला आपटून परत येतो आणि हेलिकॉप्टर स्वतःच्याच वाऱ्यात हेलकावे खातं, मग नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांची साल, म्हणजे बैठकीची मोठी खोली, यासाठी उत्तम, उंच छप्पर आणि मोकळी जमीन. फ्लॅटमध्ये असाल तर हॉलमधलं टीपॉय बाजूला करा, नाहीतर शाळेचा नाहीतर देवळाचा हॉल रिकामा असताना विचारून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी वारा घुसतो, तिथे सकाळी जा. चवथीच्या दिवसांत गणपतीच्या खोलीत अजिबात नको, वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, आणि खाली समई. आणि सीलिंग फॅन बटणावरून बंद करा, लाइट गेलीय म्हणून फॅन थांबलाय त्या भरवशावर उडवू नका, आमच्याकडे पावसात लाइट जाते-येते आणि ती नेमकी हेलिकॉप्टर हवेत असताना आली तर पंखे, शाफ्ट सगळं एकदम जातं. घरातलं कुत्रं, मांजर दुसऱ्या खोलीत. लांब केस बांधा, लहान मुलांना दोन-तीन मीटर मागे बसवा आणि हेलिकॉप्टर कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर जवळ नेऊ नका. पडतंय म्हणून हाताने झेलायला जाऊ नका, ते मोडलं तर पंखा बदलता येतो.

पहिलं उड्डाण. रिमोटमध्ये नवे सेल घाला, मरगळलेल्या सेलवर सिग्नल तुटतो आणि दोष हेलिकॉप्टरला जातो. थ्रॉटल, म्हणजे बहुतेक डावी दांडी, पूर्ण खाली. हेलिकॉप्टर सपाट लादीवर ठेवा, शेपूट तुमच्याकडे आणि नाक पुढे. चालू केलं की काही सेकंद त्याला हात लावू नका, कारण तेवढ्यात आतला जायरो सरळ म्हणजे काय ते ठरवत असतो, तुम्ही हातात धरून हलवत चालू केलंत तर ते चुकीचं ठरवतं आणि मग सगळं उड्डाणभर एका बाजूला वळत राहतं. हेलिकॉप्टर आधी की रिमोट आधी हे मॉडेलप्रमाणे बदलतं, कागदावर लिहिलेलं असतं तसं करा. बऱ्याच रिमोटला थ्रॉटल एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणावं लागतं, तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबतो.

आता थ्रॉटल हळूहळू वर. इथे सगळे नवशिके घाबरून अर्ध्यातच थांबतात, म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीपासून चार बोटं वर आणि तिथेच इकडेतिकडे घसरत राहतं. त्या उंचीवर पंख्याचा वारा जमिनीला आपटून परत वर येतो म्हणून ते कधीच स्थिर होत नाही. तिथून पटकन वर काढा, गुडघ्याच्या वर कमरेपर्यंत, मग ते शांत होतं. तिथे पोचलं की थ्रॉटल किंचित कमी करा. दांडी हलवल्यानंतर फरक दिसायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे केसभर हलवा, थांबा, बघा, मग परत केसभर. दांडीवर बोट दाबून धरायचं नाही, वर अंगठा आणि बाजूला तर्जनी असं चिमटीत धरलंत तर हात स्थिर राहतो. पहिली काही चार्जिंग संपेपर्यंत फक्त हेच, एका उंचीवर टिकवायचं. पुढे-मागे, वळणं काही नाही. कंटाळा येतो पण हेच पाया आहे आणि हे जमलं की बाकी पटापट येतं.

वर गेल्यावर आपोआप डावीकडे गोल फिरत असेल तर ट्रिम, म्हणजे रिमोटवरचं बारीक दुरुस्तीचं बटण, उजवीकडे, उजवीकडे फिरत असेल तर ट्रिम डावीकडे, एकेक टिक. हवेत असतानाच करा, जमिनीवर असताना कळत नाही. मोटर गरम झाल्यावर आणि बॅटरी उतरल्यावर ट्रिम जरा बदलतं, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या मागे लागू नका.

उंची जमली की जमिनीवर खडूने चौकोन काढा आणि त्याच्या मध्ये उतरवायचा सराव करा. उतरवताना थ्रॉटल एकदम सोडायचं नाही, थोडं थोडं कमी करत वीतभर उंचीवर आणा आणि तिथून बसू द्या. मग पुढे जाणं आणि थांबणं. थांबवायला दांडी नुसती सोडून चालत नाही, जरा मागे ओढावी लागते, कारण त्याला पुढे जायचा वेग असतो. मग चौकोनाच्या कडेने फिरवा. सगळ्यात अवघड काय, तर नाक तुमच्याकडे असताना, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. गोंधळ उडाला तर हेलिकॉप्टर वळवत बसू नका, आहे तिथे उतरवा, जा, शेपूट आपल्याकडे करा आणि परत सुरू करा.

आणि आता ती मुख्य गोष्ट. भिंतीकडे जातंय, हाताबाहेर गेलंय असं वाटलं त्या क्षणी थ्रॉटल शून्य. वाचवायला थ्रॉटल वाढवायची इच्छा होते, तेच करायचं नाही. तीस-चाळीस ग्रॅमचं अंग, लादीवर कमरेच्या उंचीवरून पडलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण पंखा पडद्यात, सोफ्यात, दिवाणाच्या खाली अडकला आणि मोटर चालूच राहिली तर गिअरचे दात झिजतात, शाफ्ट वाकतो, आणि अडकलेली मोटर जास्त करंट ओढून सेकंदांत गरम होते आणि जळते. मी पोरांना शिकवताना आधी हाच सराव घेतो, हेलिकॉप्टर गुडघ्याएवढ्या उंचीवर, मी मध्येच "शून्य!" म्हणतो आणि त्यांनी दांडी खाली ओढायची. बोटाला ही सवय लागली की पुढची अर्धी दुरुस्ती वाचते.

बॅटरीबद्दल जरा जास्त सांगतो. आत लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपोचा एकच सेल असतो, ३.७ व्होल्टचा, या आकाराच्यात साधारण १५० एमएएच क्षमतेचा. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. पाऊण तास चार्जिंग आणि सहा ते आठ मिनिटं उड्डाण, एवढंच मिळतं, ते नॉर्मल आहे. हेलिकॉप्टर वर जायला कुरकुरायला लागलं की उतरवा, शेवटचा थेंब काढत बसू नका, लिपो ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचं कायमचं नुकसान होतं. उतरवल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, दहा-पंधरा मिनिटं बॅटरी आणि मोटर दोन्ही थंड होऊ द्या. बरोबर आलेल्या यूएसबी वायरनेच, साध्या ५ व्होल्टच्या ऍडॉप्टरवर नाहीतर कॉम्प्युटरवर चार्ज करा, लादीवर ठेवून, गादीवर नको, आणि घरात कोणी नसताना किंवा रात्री झोपताना नको. एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या गाडीत हेलिकॉप्टर ठेवणं म्हणजे बॅटरी फुगवणं. फुगलेली दिसली तर वापर बंद, ती टोचायची नाही, दाबायची नाही, वायरच्या टोकांना वेगवेगळी टेप लावून ई-कचऱ्यात द्यायची, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. बरेच दिवस उडवणार नसाल तर पूर्ण भरून पण नको आणि रिकामी पण नको, अर्धी भरून ठेवा, मल्टिमीटर असेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास, आणि एक-दोन महिन्यांनी बघून थोडी चार्ज करा.

देखभाल म्हणजे रोज काही फार करायचं नाही, पण प्रत्येक उड्डाणानंतर मिनिटभर बघा. शाफ्टवर आणि गिअरवर केस, पायपुसण्याचे धागे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढा. आवाज चिरका झाला की शाफ्ट जिथे फिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी टाचणीच्या टोकावर राहील एवढा थेंब द्या. खोबरेल तेल घालू नका, घरात ते सगळीकडे हाताशी असतं म्हणून लोक घालतात, पण ते चिकट होतं, धूळ धरतं आणि थंडीत गोठतं. पंख्याच्या कडेला बारीक खाच पडली तर बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करा, तडा गेला असेल तर बदला. बदलताना त्याच मजल्यावरचे दोन्ही पंखे, म्हणजे दोन्ही पाती, एकदम बदला, एक जुना एक नवा असेल तर वजन सारखं राहत नाही आणि हेलिकॉप्टर थरथरतं. वरचे आणि खालचे पंखे वेगळे असतात कारण ते उलट फिरतात, त्यावर बरेचदा ए आणि बी कोरलेलं असतं, खूण जुळवून लावा. पंख्याचा स्क्रू गच्च आवळू नका, हेलिकॉप्टर आडवं धरलं की पंखा आपोआप खाली लोंबला पाहिजे इतका सैल, फिरायला लागला की तो आपला आपण सरळ होतो.

सगळ्यात वर जी दोन गोळ्यांची दांडी असते ती शोभेची नाही. ती वरच्या पंख्यांना छोट्या दुव्यांनी जोडलेली असते आणि हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की त्याला सरळ करते. एक दुवा निखळला की हेलिकॉप्टर गोल गोल डोलायला लागतं, कितीही ट्रिम करा थांबत नाही. दुवा परत टक करून बसवा, एवढंच काम. तरीही थरथरत असेल तर मधला शाफ्ट काढून काचेवर लोटून बघा, डुगडुगला तर वाकलाय, सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवा घाला, स्वस्त असतो.

ट्रिम टोकाला नेलं तरी एकाच बाजूला फिरत असेल तर एक मोटर कमी पडतेय. आधी केस-धागा बघा, मग पंखे बोटाने फिरवून बघा कुठला जड जातोय, मग गिअरचे दात, टक-टक आवाज येत असेल तर दात गेलेत. हे सगळं ठीक असेल तर मोटर झिजली, या छोट्या मोटरमधले ब्रश ठराविक तासच चालतात. जोडी मिळते, सोल्डरिंग येत असेल तर घरी होतं नाहीतर मोबाईल दुरुस्तीवाला करून देतो. पुढे-मागे जात नसेल तर शेपटीतल्या बारीक वायरी बघा, पडल्यावर त्याच तुटतात. बॅटरी पूर्ण असून वर जात नसेल आणि नुकतेच पंखे बदललेत तर ए-बी उलटं लागलंय हे जवळजवळ नक्की.

शेपटीची नळी मोडली तर माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पातीमधली काडी घ्या, चांगला वाळलेला, नळीच्या बाजूने लावून दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधा आणि गाठीवर फेविक्विकचा एक थेंब. हलका, ताठ आणि आपल्याकडे झाडाखाली पडलेला असतो. जास्त गोंद ओतू नका, शेपूट जड झाली की हेलिकॉप्टर मागे मागे जातं, गेलंच तर नाकाच्या आत इलेक्ट्रिक टेपचा छोटा तुकडा चिकटवून वजन जुळवा.

बाहेर उडवायचं का? तीन चॅनलचं शक्यतो नको, झुळूक आली की त्याला वाऱ्याविरुद्ध येताच येत नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो आत फोंड्या-डिचोलीपर्यंत जाणवतो. अगदीच हौस असेल तर सकाळी लवकर, पान हलत नाही अशा वेळी, गवतावर. बीचवर तर नकोच. खारी हवा मोटरच्या आत गंज चढवते आणि ओल्या वाळूत जे काळे बारीक कण दिसतात त्यातले बरेच मॅग्नेटला चिकटणारे असतात, ते एकदा मोटरमध्ये गेले की निघत नाहीत. आणि दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला विमानतळ आहे, त्या भागात बाहेर काहीही उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघा. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातलं धरतात आणि त्याला पायलटच्या लायसन्सची सूट आहे, पण लाल झोनमध्ये परवानगीशिवाय नॅनोसुद्धा चालत नाही.

पावसाळा हा इथला खरा शत्रू. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मग उघड्या तांब्याच्या वायरीचं काय होत असेल बघा. हेलिकॉप्टर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवा. रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर बसतो. थर बसलाच तर आइस्क्रीमच्या काडीने खरवडून, बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या कपड्याने पुसा. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून दोन मिनिटं उडवलंत तर मोटर मोकळी राहते.

नाक स्वतःकडे करून चौकोनाच्या चारही बाजू न पडता फिरवता यायला लागल्या की मग पुढचं घ्या, चार चॅनलचं एका पंख्याचं, डब्ल्यूएल टॉइजचं व्ही९११ वगैरे. ते आडवंही सरकतं, वाऱ्यात थोडं तग धरतं, पण स्वतःहून स्थिर राहत नाही, सतत सांभाळावं लागतं. पहिल्या दिवशी तेही फक्त कमरेच्या उंचीवर, शेपूट तुमच्याकडे, आणि बोट शून्यावर यायला तयार ठेवूनच सुरू करा.